रजिस्टरमध्ये शंभर, खसऱ्यात शून्य : शेतकरी महिलेचं सक्षमीकरण मोजतात तरी कसं?

ग्वाल्हेर : जुलैत पाऊस धरला की ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डबरा-भितरवारच्या शिवारात, पाण्यात वाकलेल्या बायकांच्या रांगा दिसायला लागतात. भाताची लावणी, इकडच्या बोलीत रोपाई. नोव्हेंबरात तेच धान डबऱ्याच्या मंडीत येतं तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि त्यांच्यावर बसलेले जवळजवळ सगळे पुरुष असतात. लावणी आणि लिलाव या दोन टोकांच्या मध्ये ती बाई कुठे गेली, हा प्रश्न तसा साधा आहे. पण सरकारी योजना, बँका, परदेशी मदतसंस्था या सगळ्यांना त्याचं उत्तर आकड्यात लागतं. आणि तिथेच घोळ सुरू होतो. एकाच बाईला एका कागदावर पैकीच्या पैकी मार्क मिळतात, दुसऱ्यावर ती नापास होते, तिसऱ्यावर काठावर पास होते आणि चौथ्यावर तिचं नावच नसतं.

हे चार कागद कोणते, हे समजून घ्यायला सध्या कारणही आहे. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. म्हणजे अहवाल येणार, आकडे येणार, ‘इतक्या लाख महिला सक्षम झाल्या’ अशी वाक्यं येणार. सीमेच्या अलीकडे बचत गट म्हणा की पलीकडे समूह म्हणा, त्या आकड्यांत आपल्या घरातल्या बायकाही मोजल्या जाणार आहेत.

हजेरी मोजणं सोपं असतं

पहिला कागद म्हणजे योजनेचं रजिस्टर. केंद्राच्या शेतीविषयक योजनांमध्ये किमान 30 टक्के निधी महिला शेतकऱ्यांवर खर्च व्हावा, अशी मार्गदर्शक सूचना आहे. 2010-11 पासून महिला किसान सशक्तीकरण परियोजना आहे, ती राष्ट्रीय ग्रामीण आजीविका मिशनचा भाग. त्याआधी 2007 पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे इफाडच्या कर्जातून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम दोन्ही राज्यांत एकाच वेळी चालला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, तो जवळपास सगळ्या ग्रामीण भागात नेला. मध्य प्रदेशात बालाघाट, मंडला, डिंडोरी, छतरपूर, पन्ना आणि टीकमगड हे सहा जिल्हे घेतले होते. गोंदिया आणि बालाघाट या दोन शेजारी जिल्ह्यांत एकच कार्यक्रम दोन महामंडळांनी दोन पद्धतींनी राबवला. सीमाभागातल्या वाचकाला तो आठवत असेलच.

अशा कार्यक्रमांत रोजच्या रोज काय नोंदलं जातं? गट किती, सदस्य किती, बचत किती, बँकेचं कर्ज किती, परतफेड किती टक्के, प्रशिक्षणं किती आणि त्यांना आलेल्या महिला किती. हे आकडे खोटे नसतात आणि निरुपयोगीही नसतात. गट नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर शेळी नाही. पण दुकानदाराला विचारा, वर्षाची उलाढाल दहा लाख झाली म्हणजे दहा लाख नफा झाला का? तो हसेल. प्रशिक्षणाला आलेली बाई ही उलाढाल आहे. घरी परतल्यावर बियाणं कुठलं घ्यायचं हे ठरवताना तिला कुणी विचारलं का, हा नफा-तोटा. रजिस्टरमध्ये त्याचा रकानाच नसतो.

‘लखपती दीदी’चंच बघा. 25 ऑगस्ट 2024 रोजी जळगावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत या योजनेचा मोठा मेळावा झाला, त्यामुळे नाव घराघरात पोचलं. व्याख्या अशी, की बचत गटाच्या ज्या सदस्य महिलेच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख रुपये किंवा त्याहून जास्त आहे, आणि ते किमान चार हंगाम किंवा चार व्यवसाय-चक्रं टिकून महिन्याला सरासरी दहा हजारांच्या वर राहतं, ती लखपती दीदी. यातला ‘कुटुंबाचं’ हा शब्द सोडून पुढे जाऊ नका. दीदी एक, पण उत्पन्न अख्ख्या घराचं. त्यातला किती पैसा तिच्या कामातून आला आणि कितीवर तिचा हात आहे, हे या व्याख्येत येत नाही. घराचं उत्पन्न वाढणं चांगलंच. फक्त त्याला बाईचं उत्पन्न म्हणणं हे भागीदारी फर्मचा सगळा नफा एकाच भागीदाराच्या खात्यावर दाखवण्यासारखं आहे.

दहा प्रश्नांची उत्तरपत्रिका

ही अडचण जगभर होती. म्हणून 2012 मध्ये एक वेगळं माप आलं, शेतीतील महिला सक्षमीकरण निर्देशांक. इफ्प्री ही अन्न-धोरणावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, ऑक्सफर्ड विद्यापीठातला गरिबी मोजणारा गट आणि अमेरिकेची यूएसएड या तिघांनी मिळून ते बनवलं. आधी बांगलादेश, ग्वाटेमाला आणि युगांडात चाचणी झाली. कल्पना सरळ आहे. योजनेनं काय दिलं हे विचारायचंच नाही, बाईच्या हातात काय आहे ते विचारायचं. पाच विषय, प्रत्येकाला 20 मार्क : पिकाचे निर्णय, साधनं-मालमत्ता, उत्पन्नावर ताबा, गावातला वावर आणि वेळ. या पाचांत मिळून दहा कसोट्या. शंभरपैकी 80 मिळाले तर सक्षम, नाहीतर नाही. शिवाय त्याच घरातल्या पुरुषाला तेच प्रश्न वेगळं बसवून विचारायचे आणि दोघांची तुलना करायची.

कागदावर हे कसं चालतं ते पाहण्यासाठी भितरवारकडची एक काल्पनिक दीदी घेऊ. ती समूहाची सदस्य आहे, तर 10. गावच्या बैठकीत उठून बोलायला मात्र ती बिचकते, तिथे शून्य. कुठलं पीक घ्यायचं या चर्चेत ती असते, 10. पण ती स्वतःच्या मनानं ठरवते की नवरा-सासरे रागावतील म्हणून ‘हो’ म्हणते, या कसोटीत शून्य. घरची म्हैस ‘दोघांची’ असं दोघंही सांगतात, मालकीचे 6.67. म्हैस विकायची वेळ आली तर शब्द नवऱ्याचा, शून्य. समूहातून घेतलेल्या कर्जाचं काय करायचं यात तिचा वाटा आहे, 6.67. दुधाच्या पैशांबाबत तिचं थोडंफार चालतं, उत्पन्नाचे पूर्ण 20. कामाचे तास मर्यादेबाहेर, शून्य. आणि ‘तुम्हाला मिळणाऱ्या मोकळ्या वेळाबद्दल समाधानी आहात का?’ याला ती म्हणाली, ‘हो, ठीक है’. 10.

बेरीज 63.33. योजनेच्या रजिस्टरमध्ये हीच दीदी सदस्य, कर्जदार, प्रशिक्षित अशी तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण घेऊन बसली आहे. निर्देशांकात ती 17 मार्कांनी नापास.

गोष्ट इथे संपत नाही. दहा कसोट्यांची मुलाखत लांबते आणि ‘स्वतःच्या मनानं’ वगैरे प्रश्न समजावताना विचारणाऱ्याचीच दमछाक होते. म्हणून पुढे याची आखूड आवृत्ती निघाली, सहाच कसोट्यांची. पाच विषय तेच, मार्कही तेवढेच, पण बैठकीत बोलणं, मनानं ठरवणं, मालमत्ता विकण्याचा हक्क आणि मोकळा वेळ या चार कसोट्या गळाल्या. आता आपल्या दीदीचे मार्क पुन्हा लावा. पिकाच्या चर्चेत असते, पूर्ण 20. म्हैस आणि कर्ज मिळून 20. उत्पन्न 20. समूहाची सदस्य, 20. कामाचे तास, शून्य. एकूण 80. पास!

बाई तीच, घर तेच, म्हैसही तीच. फक्त प्रश्नपत्रिका लहान झाली. म्हणून कुठल्याही अहवालात ‘इतके टक्के महिला सक्षम’ असं वाचलं की आधी विचारावं, कसोट्या किती होत्या आणि गाळल्या त्या कोणत्या. आपल्या उदाहरणात नेमक्या त्याच तीन कसोट्या गळाल्या ज्यांत ती अडली होती. म्हैस तिची म्हणायची, पण विकायची नाही.

वेळेची कसोटी मात्र दोन्हीकडे टिकली, आणि तीच सगळ्यात बोलकी आहे. दिवसाला साडेदहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर शून्य, मग ते काम मजुरीचं असो, शेतातलं असो की चुलीपुढचं. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या महिलांचा बिनपगारी घरकामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. ही देशाची सरासरी, शहरंही त्यात आली. 289 मिनिटं म्हणजे 4 तास 49 मिनिटं. साडेदहामधून वजा करा, उरतात 5 तास 41 मिनिटं. रोपाईच्या दिवसांत पाण्यात उभं राहायचं ते सकाळपासून दुपार कलेपर्यंत. तेव्हा लावणीला जाणारी बाई त्या महिन्यात या कसोटीत पास होणं जवळपास अशक्यच.

यात योजनांसाठीही एक काटा आहे. परसबाग लावा, कोंबड्या पाळा, गांडूळखत करा, दर आठवड्याला बैठकीला या, ही सगळी कामं बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतात. उत्पन्नाच्या रकान्यात ती चढ दाखवतात आणि वेळेच्या रकान्यात उतार. फक्त पहिला रकाना छापला तर कार्यक्रम यशस्वी दिसतो.

14 टक्के की 43 टक्के?

आता चौथा कागद, जमिनीचा. इथे दोन सरकारी आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत महिलांचं प्रमाण सुमारे 14 टक्के आहे. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 43.3 टक्के महिलांनी आपल्या नावावर, एकटीच्या किंवा कुणासोबत मिळून, घर किंवा जमीन असल्याचं सांगितलं. कुठला खरा?

दोन्ही. पहिला नोंदींवरून, शेतजमीन कसणाऱ्याच्या नावावर आधारलेला. दुसरा बाईच्या तोंडून आलेला, 15 ते 49 वयाच्या महिलांचा, शहरातल्या घरांसह आणि सामाईक मालकीसह. भाषणात कोणता वापरायचा हे बोलणाऱ्याच्या सोयीवर. पण ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या दर चार महिलांपैकी तीन शेतीतच काम करतात, हे श्रमबल पाहणीत दरवर्षी दिसतं. त्या चाराला तीनच्या शेजारी 14 टक्के ठेवून पाहिले की डबऱ्याच्या मंडीतल्या रांगेचा उलगडा होतो.

नाव नसल्यानं अडतं कुठे? मध्य प्रदेशात समर्थन मूल्यावर धान किंवा गहू विकायचा तर ई-उपार्जनवर नोंदणी लागते. ती खसऱ्यातल्या जमिनीवर आणि आधारवर होते, आणि पैसा नोंदणी असलेल्याच्या बँक खात्यात जातो. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यासाठी सिकमीची, म्हणजे बटईची वेगळी वाट आहे, पण नवऱ्याची जमीन कसणारी बायको कुठला करारनामा दाखवणार? 2019 पासूनचे पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपयेही जमिनीच्या नोंदीवरच ठरतात.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही गोष्ट जुन्या इतिहासातूनही ओळखीची वाटेल. दौलतराव शिंदे 1827 मध्ये वारले, त्यानंतर 1833 पर्यंत बायजाबाईंनी राज्य चालवलं. कागलच्या घाटग्यांची ही लेक, सावकारीत आणि हिशेबात पक्की. पण गादी होती दत्तक घेतलेल्या जनकोजीरावांच्या नावावर. वाद वाढला तेव्हा तिजोरी सांभाळणाऱ्या बाईला ग्वाल्हेर सोडावं लागलं. आजच्या निर्देशांकाच्या भाषेत सांगायचं तर उत्पन्नावर ताबा पूर्ण, मालमत्तेवर नाव शून्य.

नाव लावण्याचे मार्ग दोन्ही राज्यांत आहेत, शब्द वेगळे. महाराष्ट्रात सातबारा, तलाठी, वारस नोंद आणि हक्कसोडपत्र. मध्य प्रदेशात खसरा आणि बी-1 खतौनी, पटवारी, फौती नामांतरण आणि हक्कत्याग. 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, त्यात शेतजमीनही आली. महाराष्ट्रानं तो 1994 मध्येच दिला होता. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. कायदा इतका पक्का असताना आकडा 14 वर का अडतो, याचं उत्तर त्या हक्कसोडपत्रात आहे. वारस म्हणून बहिणीचं नाव कागदावर येतं आणि पुढच्याच कागदावर तिची सही घेऊन निघून जातं. पत्नीचं नाव लागतं ते बहुतेकदा नवरा गेल्यावर.

नवरा जिवंत असतानाच नाव लावण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झालाय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 मध्ये चांदवडला भरलं. त्यानंतर काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली, नवऱ्यानं आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करून द्यायचा. 1992 मध्ये राज्य सरकारनेही त्याच नावानं सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. आजही तलाठ्याकडे अर्ज करता येतो, फक्त नवऱ्याची संमती लागते. त्या मोहिमेचं माप बघा किती सरळ होतं. किती बायकांच्या नावावर किती जमीन झाली, बस. मुलाखत नको, निर्देशांक नको.

जमिनीवाचूनही बाईला शेतकरी म्हणून ओळख मिळावी, असाही एक प्रयत्न झाला. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी 2012 मध्ये राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचं खासगी विधेयक मांडलं. ग्रामसभेच्या मंजुरीनं बाईला शेतकरी असल्याचा दाखला द्यायचा आणि त्यावर कर्ज-योजना मिळवून द्यायच्या, अशी त्यातली तरतूद. 2013 मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं.

प्रश्न कुणासमोर विचारला?

निर्देशांकाची पुढची आवृत्ती प्रकल्पांसाठी म्हणून 2018 मध्ये आली, बारा कसोट्यांची. त्यात घरात एकमेकांचा मान राखला जातो का, मारहाण योग्य वाटते का, स्वतःवर भरवसा आहे का, आणि बाजार, दवाखाना, नातेवाईक अशा ठिकाणी जाणं-येणं होतं का, हे प्रश्न आले. घूंघट अजून पाळला जाणाऱ्या ग्वाल्हेर-चंबळच्या गावांत हा शेवटचा प्रश्न पीककर्जाइतकाच महत्त्वाचा. तेजस्विनीच्या काळात मध्य प्रदेशात गावोगावी ‘शौर्य दल’ उभे राहिले होते, घरातल्या मारहाणीत हस्तक्षेप करणारे स्त्री-पुरुषांचे गट. गटांच्या बचतीच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती, या नव्या कसोट्यांत आहे.

पण उत्तर कुठे मिळतं यावर सगळं ठरतं. सासू ओट्यावर, दीर दारात आणि प्रश्न असा, की ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ उत्तर ठरलेलं, ‘सब मिलके’. कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतःचा औषधोपचार, मोठी खरेदी आणि माहेरी-नातेवाईकांकडे जाणं या तीन निर्णयांत सहभाग असल्याचं 88.7 टक्के विवाहित महिलांनी सांगितलं. ऐकायला छान आहे. पण या तिन्हींत शेत कुठेच नाही. खताची गोणी, बोअरचा खर्च, धान कुणाला घालायचं, यातलं काही नाही. म्हणून नवरा-बायकोला वेगळं बसवून तेच प्रश्न विचारण्याची पद्धत कामाची. ‘म्हैस कुणाची’ याचं उत्तर दोघांचं जुळलं नाही, तर ती तफावत हीच खरी माहिती असते.

अशी मुलाखत महाग पडते. गावातल्याच मुलींना शिकवून तयार करावं लागतं, बुंदेली-ब्रज मिसळलेल्या बोलीत प्रश्न बसवावे लागतात, दोघांसाठी दोनदा जावं लागतं. या निर्देशांकामागे पैसा लावणारी यूएसएड 2025 मध्ये गुंडाळली गेली. यापुढे असं मोजायचं तर राज्य सरकारांना, आजीविका मिशनला किंवा ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयासारख्या संस्थांना स्वतःच्या खर्चानं करावं लागेल. निदान प्रत्येक प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी चार घरं तरी. मध्य प्रदेशात 2023 पासून लाडली बहनाचे आणि महाराष्ट्रात 2024 पासून लाडकी बहीणचे पैसे थेट महिलांच्या खात्यात येतायत. त्या पैशांचं काय करायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न जोडायला वेगळं खातं काढायची गरज नाही.

तोवर कागद आहे तोच. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर साधारण चार रकाने असतात : नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, मोबाईल नंबर, सही. याच पाहणीत स्वतः वापरत असलेला मोबाईल असल्याचं देशातल्या 53.9 टक्के महिलांनी सांगितलं होतं. बाकीच्या जणी तिसऱ्या रकान्यात नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर लिहितात. पुढच्या हंगामात बियाणं आल्याचा फोन त्याच नंबरवर जातो.